काचेच्या खोलीतली मराठी

माझ्या कामाबद्दल लोकांना दोनच प्रश्न पडतात. एक म्हणजे, "तुम्ही भाषांतर करता ना?" आणि दुसरा, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता देता मी निवृत्त झाले. दुसरा प्रश्न आला की मी शांतपणे विचारते, "तुमचं कसं?" मग विषय बदलतो.

तरी इथे एकदाचं सांगून टाकते. मी रेहाना शेख. जन्म गंज पेठेतला; पणजोबांच्या आधीपासून आम्ही तिथलेच. वडील एका मराठी छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसभर उलटी अक्षरं बघून त्यांचे डोळे शिणायचे, म्हणून संध्याकाळी सुलटी अक्षरं मोठ्याने वाचून काढणं हा त्यांचा विरंगुळा. समोर लग्नपत्रिका असो, बँकेचा अहवाल असो, नाहीतर निवडणुकीचं पत्रक असो, वाचायचं. आम्ही घरात दखनी बोलायचो आणि जेवताना वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना ऐकायचो. जर्मन शिकायला गेले ती एक मैत्रीण जात होती म्हणून. मैत्रिणीने लवकरच सोडलं, मी अडकले ती कायमची.

आता पहिल्या प्रश्नाचं. भाषांतर करणारा माणूस लिहितो. त्याला शब्दकोश उघडता येतो, खोडता येतं, मध्येच उठून चहा टाकता येतो. दुभाष्याच्या नशिबी यातलं काही नसतं. सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी एक काचेची खोली असते. तिला आम्ही कक्ष म्हणतो. आत दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचे पेले आणि उकाडा. पंखा लावला तर त्याचा आवाज माइकमध्ये जातो, म्हणून तो बंद. वक्ता तुमच्या कानात एका भाषेत बोलत असतो आणि त्याच वेळी तुम्ही तोंडाने दुसऱ्या भाषेत बोलत राहायचं, त्याच्या चार-पाच शब्द मागे. फार मागे राहिलात तर आधीचं विसरता, फार जवळ गेलात तर वाक्य कुठे निघालंय ते कळत नाही. मराठी माणूस मिनिटभर एखाद्या योजनेचे गुण सांगतो आणि शेवटी "असं मला मुळीच वाटत नाही" म्हणून मोकळा होतो. तोवर आम्ही अर्ध्या इंग्रजी वाक्यात लोंबकळत असतो.

अशा कामाने अर्ध्या तासात डोकं बधिर होतं. म्हणून कक्षात कायम दोघं असतात, आळीपाळीने बोलणारे. एक बोलत असला की दुसऱ्याचा माइक बंद. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'ते म्हणतात की' असली पळवाट नाही. या नियमापायी मी मंत्री झाले आहे, हाडांची डॉक्टर झाले आहे आणि एकदा आजन्म ब्रह्मचर्य पाळणारा योगशिक्षकही झाले आहे. माझे यजमान तेव्हा पहिल्या रांगेत बसले होते. त्यावरून मला चिडवणं त्यांनी अजून सोडलेलं नाही.

कक्षातले माझे जोडीदार मोडक. सदाशिव पेठेतले, अविवाहित, खिशात खडीसाखर, बोलणं मोजकं. बाहेर शब्दाला महाग असलेला हा माणूस माइक लागला की धबधबा व्हायचा. भोसरीच्या एका कारखान्यात नवं जर्मन यंत्र बसवलं त्या दिवशीची गोष्ट सांगते. जर्मन अभियंते हातात नारळ घेऊन अवघडून उभे, गुरुजींचे मंत्र चालू. थोरल्या अभियंत्याने हळूच विचारलं की हे गृहस्थ काय वाचत आहेत. मंत्रांचं जर्मन करायची आमची तयारी नव्हती. मोडक गंभीर चेहऱ्याने म्हणाले, हमीच्या अटी. जर्मनांनी पुढचा अर्धा तास अत्यंत आदराने ऐकून घेतलं.

सगळेच दिवस असे हसण्यावारी गेले नाहीत. एका संपात कामगार पुढारी मालकांवर ओरडत होते, मालक कामगारांवर, आणि दोघांचे शब्द माझ्या तोंडून निघत असल्यामुळे दोघंही माझ्याकडेच रागाने बघत होते. त्या दिवशी घरी येऊन मी कोणाशी बोलले नाही. यजमान म्हणाले, "दिवसभर लोकांचं बोलतेस, घरी स्वतःचं बोलायला तुझ्याकडे काही उरत नाही." ते खरं होतं आणि मला ते लागलं. या व्यवसायाची दुसरी खंत म्हणजे काही लक्षात राहत नाही. हृदयाच्या झडपांपासून साखरेच्या मळीपर्यंत जगातलं सगळं ज्ञान माझ्या तोंडातून गेलं, डोक्यात काडीचंही थांबलं नाही.

पण एक परिषद मात्र शब्द न् शब्द आठवते. तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच हा लेख.

विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज असा त्या परिषदेचा विषय. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. यंत्रं माणसांचं काय करतात आणि माणसं यंत्रांचं काय करतात, याचा हे लोक अभ्यास करतात. पुण्यात ही परिषद भरायची आणि तिच्यात इंग्रजीतून बोलायचं हे इतकं गृहीत होतं की तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं. आम्हाला बोलावणं यायचं ते एखादा जर्मन किंवा फ्रेंच पाहुणा असला तर. त्याच्यासाठी कक्ष उभा राहायचा. मी दर वेळी परिषदेच्या कार्यवाहांना, डॉ. लिमयांना विचारायचे की कक्ष आहेच, तर त्यातून मराठीही होऊ द्या. समाज समाज म्हणता, तो समाज बाहेर मराठीत बोलतोय.

डॉ. लिमये म्हणजे वेळेचा पक्का, नाकासमोर चालणारा माणूस. ते चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "शेखबाई, सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला इंग्रजी कळतं. आपण बोलणार कोणासाठी?"

"ज्यांना कळत नाही ते आत येतच नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत," असं मी म्हणायचे. ते हसायचे नाहीत. तो प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

एका वर्षी मात्र त्यांना मान हलवावी लागली. इंग्रिड नावाच्या नॉर्वेच्या संशोधक बाई लोणी काळभोरच्या निर्धूर चुलींवर निबंध वाचणार होत्या. निर्धूर चूल म्हणजे वर झाकलेली, धूर नळीवाटे छपराबाहेर सोडणारी चूल. एके काळी ती गावोगाव बसवली होती आणि बऱ्याच ठिकाणी ती बायकांनी हळूच मोडून टाकली होती. का मोडली, हा इंग्रिडबाईंचा विषय. लोणीच्या कॉलेजात शास्त्र शिकवणाऱ्या निकम मॅडम त्यांच्या मदतीला होत्या. त्यांनी सुचवलं की ज्यांच्या चुलींवर बोलणार, त्या बायकांना तरी बोलवा. लिमये म्हणाले, बोलवा. मग मी म्हटलं, आता त्यांना ऐकू काय येणार? लिमयांनी चष्मा पुसला आणि मराठी कक्षाला परवानगी दिली, "प्रयोग म्हणून".

निकम मॅडमबरोबर मी लोणीला गेले. अंगणात बायका जमल्या होत्या. त्यांच्यात कौसल्याबाई पुढारी. उंच, करारी, पदर खोचलेला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यावर बोलनार आन् आमाला कळनार न्हाय, असं आसंल तर आमी येत न्हाय. बरण्या हाय का आमी, फळीवर मांडून ठिवायला?"

मी म्हटलं, "प्रत्येक शब्द मराठीत ऐकू येईल. मी स्वतः बोलणार आहे."

"शबूद देताय?"

"देते."

शब्द देणं माझ्या धंद्यात रोजचंच, पण ते दुसऱ्यांचे. स्वतःचा असा शब्द मी कधी दिल्याचं आठवत नव्हतं. परतताना मला थोडी धास्तीच वाटत होती.

परिषदेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी आणि मोडक कक्षात जाऊन बसलो. दाराशी एका टेबलावर हेडफोन ओळीने मांडले होते. लोणीच्या बायका दुसऱ्या दिवशीच्या इंग्रिडबाईंच्या निबंधासाठी येणार होत्याच, पण निकम मॅडमनी त्यांना पहिल्या दिवसापासून आणलं होतं. याशिवाय गावोगावचे शिक्षक होते, संस्थांचे कार्यकर्ते होते, आणि पुण्यातल्या कुठल्याही कार्यक्रमाला असतात ते निवृत्त गृहस्थ होते. माझी माणसं आली, असं मला वाटलं. उद्घाटनाचं भाषण सुरू झालं, मी ते मराठीत सुरू केलं, आणि बोलता बोलता काचेतून सभागृहात नजर टाकली.

कोणाच्याही कानाला हेडफोन नव्हता.

आधी वाटलं, उशिराने घेतील. दुसरं भाषण झालं, तिसरं झालं. पूर्ण सभागृहात हेडफोन लावलेला माणूस एकच होता आणि तो आमचा ध्वनिव्यवस्थेचा तंत्रज्ञ होता. यंत्रणा चालू आहे का ते बघण्यासाठी त्याने लावला होता. मोडकांनी त्यांची पाळी संपवून माइक बंद केला, खडीसाखर तोंडात टाकली आणि म्हणाले, "आवाज छान लागलाय माझा आज. वाया चाललाय."

चहाच्या सुट्टीत मी दाराशी गेले आणि मग मला कळलं. टेबलामागे, आम्ही कक्षात गेल्यावर, ठसठशीत अक्षरांत पाटी लावलेली होती: 'ज्यांना इंग्रजी समजत नाही त्यांनीच येथे हेडफोन घ्यावेत. उगाच हाताळू नयेत.' पाटी खुद्द लिमयांनी लिहिली होती, आणि त्यांच्या मते ती निव्वळ माहिती होती. पण पुण्यात, भर चारचौघांत, त्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं म्हणजे काय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. एक निवृत्त गृहस्थ हेडफोन हातात घेऊन बघत होते. मी आशेने जवळ गेले तर त्यांनी तो चटकन खाली ठेवला. "मला इंग्रजी येतं हो. मी फक्त यंत्र बघत होतो." शिक्षक मंडळी टेबलाला वळसा घालून जात होती. लोणीच्या बायका तर सकाळपासून ताठ बसून, एक अक्षर न कळता, इंग्रजी ऐकत होत्या. मी कौसल्याबाईंना विचारलं की हेडफोन का नाही घेतला. त्या सभागृहाकडे बघत म्हणाल्या, "समद्यांम्होरं आमीच तेवढं अडानी दिसायचं का?"

शब्द पाळायला मी आले होते आणि तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

तेवढ्यात लिमये आले. त्यांनी सकाळभर सगळं पाहिलं होतं. ते अजिबात कुत्सितपणे बोलले नाहीत, म्हणून ते अधिक लागलं. म्हणाले, दुपारच्या सत्रातही हेच असेल तर उद्यापासून मराठी बंद करू. तुम्हाला आणि मोडकांना घसा कोरडा करायला लावण्यात अर्थ नाही. म्हणजे उद्या इंग्रिडबाई चुलींवर बोलणार आणि त्या चुलींच्या मालकिणी बरण्यांसारख्या बसणार. मी पाटी काढायची परवानगी मागितली. ते म्हणाले, अवश्य काढा, पण सगळ्यांनी वाचून झाली आहे.

ते बरोबर होतं. लाज एकदा वाटली की पाटी काढल्याने ती जात नाही. जेवणाच्या सुट्टीत मी पुरी-भाजीचं ताट घेऊन नुसती उभी होते. शेजारी निकम मॅडम हातातल्या कागदांवर डोळे लावून पुटपुटत होत्या. दुपारचं पहिलं भाषण त्यांचं होतं, लोणीत चुली कशा आल्या याचं, आणि ते इंग्रजीतून वाचायच्या कल्पनेने त्यांनी ताटही घेतलं नव्हतं. मोडकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणाले, "या मराठीत बोलल्या तर हेडफोन कोणाला लागेल?"

मी ताट खाली ठेवलं.

दिल्ली, कोलकाता, बंगळूर, चेन्नई, नॉर्वे, जर्मनी. परिषदेतली सगळी मोठी नावं. ज्यांना मराठी येत नाही असे सगळे. मी निकम मॅडमना बाजूला घेतलं. त्या घाबरल्याच. म्हणाल्या, "लिमये सर काय म्हणतील?"

"ते म्हणतील, वेळेत संपवा. ते सगळ्यांनाच तेवढंच म्हणतात."

त्या हसल्या आणि त्यांनी हातातल्या कागदांची घडी घालून पर्समध्ये टाकली.

दुपारी सत्र सुरू झालं. निकम मॅडम उठल्या, माइकपाशी गेल्या आणि "नमस्कार, मी आज मराठीत बोलणार आहे. माझ्या चुलीची गोष्ट मला त्याच भाषेत येते," असं म्हणून सरळ सुरू झाल्या. पहिला मिनिटभर पुढच्या रांगांतले लोक सभ्यपणे हसत बसून होते. हे प्रास्ताविक असावं, असं त्यांना वाटलं. मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. इंग्रिडबाई मागे वळल्या, त्यांना कक्षात आम्ही दिसलो. मी काचेमागून कानाकडे बोट दाखवलं. त्या उठून दाराकडे गेल्या. त्यांच्यामागे जर्मन प्राध्यापक, त्यांच्यामागे दिल्लीच्या बाई. बघता बघता टेबलापुढे रांग लागली. जगभर ज्यांची पुस्तकं वाचतात ती माणसं गुपचूप रांगेत उभी राहून हेडफोन घेत होती आणि कानाला लावून, पावलं न वाजवता, आपापल्या जागी परत येत होती. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. एखादी भाषा येत नाही यात लाजायचं काय, हे त्यांनी आमच्या माणसांना एक अक्षर न बोलता दाखवलं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

ते निवृत्त गृहस्थही उठले. "आता जरा ऐकून बघतो, बाई इंग्रजीत कशी करते ते," असं शेजाऱ्याला सांगून त्यांनी हेडफोन घेतला. पुढचं भाषण इंग्रजीतून सुरू झालं, आम्ही मराठीकडे वळलो, तेव्हा त्यांनी तो परत केला नाही. शिक्षकांनी घेतले. शेवटी कौसल्याबाई उठल्या. पदर सावरून त्या टेबलापाशी गेल्या, हेडफोन डोक्यावर चढवला, आणि जागेवर येईपर्यंत त्यांचा चेहरा बदलला होता. मी मराठीत बोलत होते आणि त्या ऐकत होत्या. मला इतका आनंद झाला की एक अख्खं वाक्य सुटलं. मोडकांनी कोपराने ढोसलं तेव्हा मी भानावर आले. संध्याकाळी लिमये इतकंच म्हणाले, "उद्या चालू ठेवा. शेवटी बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रिडबाईंनी निबंध वाचला. त्या लोणीत राहून आल्या होत्या, घरोघर हिंडल्या होत्या. त्यांनी सांगितलं की बहुतेक घरांत चूल मोडलेली आहे, मात्र विचारलं की बायका मोडली म्हणत नाहीत, वापरतो म्हणतात. का मोडतात आणि का लपवतात, हे आपल्याला अजून नीट उमगलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मी ते मराठीत सांगत होते आणि मला काचेतून लोणीच्या बायकांची रांग दिसत होती. पदर तोंडाला लागले होते. निबंध संपला. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि कौसल्याबाई उभ्या राहिल्या. त्यांना माइक दिला.

त्या म्हणाल्या की बाईंनी मेहनत लई केली, पण आमच्या घरची चूल काही मोडलेली न्हाय. अजून हाय.

त्यांच्याच रांगेतून आवाज आला, "काय बाई खोटं बोलती. हाय म्हनं. तिच्यात कोंबड्या बसवल्यात हिनं."

बोलल्या त्या हिराबाई, कौसल्याबाईंच्या सख्ख्या शेजारीण. कौसल्याबाई गर्रकन वळल्या. आणि पुढे त्या दोघींचं जे सुरू झालं त्याला अध्यक्षांनी टेबल वाजवूनही खंड पडला नाही.

पाळी माझी होती. नियमाप्रमाणे मी दोघींचंही 'मी' म्हणून इंग्रजीत सांगायला लागले. माझी चूल शाबूत आहे. तिच्यात कोंबड्या आहेत. मी मोडलेली नाही. मोडताना मी स्वतः पाहिलं आहे. काचेतून मला इंग्रिडबाईंचा चेहरा दिसला. त्या हेडफोन दाबून धरत होत्या, पार गोंधळल्या होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघींचंही बोलणं माझ्या एकाच आवाजात जात होतं आणि इंग्रजी ऐकणाऱ्यांना वाटत होतं की एकच बाई स्वतःचंच म्हणणं खोडून काढते आहे.

मोडकांनी ते माझ्या आधी ओळखलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या पाळीत कधी माइकला हात लावला नव्हता. त्यांनी कळ दाबली, दिवा लागला, आणि कौसल्याबाईंचं म्हणणं त्यांनी उचललं. हिराबाईंचं म्हणणं माझ्याकडे राहिलं.

कौसल्याबाईंनी कबूल केलं: बरं, मोडली. का मोडली? तर तिच्यावर भाकरी फुगत न्हाय. म्होरं निखारं वढायला जागाच न्हाय, भाकरी शेकायची कुठं? मोडकांनी आपल्या खर्जातल्या आवाजात, अस्सल इंग्रजीत, सभागृहाला सांगितलं की माझी भाकरी त्या चुलीवर फुगत नाही.

हिराबाई म्हणाल्या, "माजी फुगती की. हिला थापताच येत न्हाय."

मी ते सांगितलं. दुसऱ्याच क्षणी मोडक काचेच्या खोलीत माझ्याकडे वळून, डोळे वटारून, इंग्रजीत म्हणाले की तू या गावात लग्न होऊन यायच्या आधीपासून मी भाकऱ्या थापते आहे आणि माझ्या हाताला नाव ठेवायची तुझी प्राज्ञा नाही. मी म्हटलं की तुझ्या सासूबाई जेवायला माझ्याकडे का येतात ते सांग आधी. मोडक म्हणाले, माझ्या सासूबाईंना मध्ये आणू नकोस.

सभागृह दोनदा हसलं. आधी मराठीवाले हसले, आणि ते हसू ओसरतंय तोच हेडफोनवाल्यांचं हसू आलं. दुभाष्याला हारतुरे मिळत नाहीत. हे दुसरं हसू हीच त्याची बिदागी. ते त्या दिवशी पहिल्याइतकंच मोठं होतं आणि बराच वेळ थांबलं नाही. जर्मन प्राध्यापक मागे वळून कक्षाकडे बघत टाळ्या वाजवत होते. मोडकांचा चेहरा लाल झाला होता. ज्यांनी जन्मात पिठाला हात लावला नाही असे ते गृहस्थ भाकरीच्या अपमानाने खरोखर चिडले होते.

हसू थांबल्यावर इंग्रिडबाई उभ्या राहिल्या. त्या कौसल्याबाईंना म्हणाल्या की हे मी तुमच्या घरी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही सांगितलं नाहीत. कौसल्याबाईंनी हेडफोनमधून ते मराठीत ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "घरी तुमी पावण्या. पावणीला चूल मोडली सांगायचं म्हंजे भाकरीत कमी पडल्यावानी वाटतं. हितं आता कळलं, तुमी खरंच इचारताय." मग हिराबाईंच्या चुलीवर भाकरी का फुगते याचा शोध सुरू झाला. बंगळूरच्या एका तंत्रज्ञाने फळ्यावर चुलीचं तोंड काढलं, हिराबाईंनी जागेवरूनच ते खोडायला लावून रुंद करायला सांगितलं. ते त्यांनी घरी स्वतःच खरवडून वाढवलं होतं. कौसल्याबाईंनी मान्य केलं की ही गोष्ट आपल्याला सुचायला हवी होती. प्रश्न येत राहिले, उत्तरं येत राहिली. मला वाटतं, त्या सकाळी सभागृहात कोण शिकलेलं आणि कोण अडाणी हा हिशेब कोणी केलाच नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. आयुष्यात कोणाला एक मिनिट जास्त न देणाऱ्या लिमयांनी त्यांना हातानेच चालू द्या म्हणून खूण केली.

जेवणाच्या वेळी कौसल्याबाई कक्षापाशी आल्या. काचेच्या खोलीत नजर टाकून त्यांनी मोडकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी बोलला व्हय माझं?" मोडक उठून उभे राहिले आणि हो म्हणाले. "झ्याक बोलला," त्या म्हणाल्या. माझ्याकडे वळून त्यांनी फक्त मान हलवली. दिलेला शब्द पोचला होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही.

संध्याकाळी समारोप होता. समारोपाचं भाषण दर वर्षी लिमये इंग्रजीतून करायचे. ते व्यासपीठावर आले, चष्मा पुसला, सभागृहावर नजर फिरवली आणि मराठीत बोलायला लागले. पुढच्या रांगांतले हात आपोआप हेडफोनकडे गेले. पाळी मोडकांची होती, पण त्यांनी आपला माइक बंद केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे तुमचं."

लिमयांनी आभार मानले, जेवण वेळेवर झाल्याचं नमूद केलं, एका वक्त्याने वेळ न पाळल्याचंही नमूद केलं. मग त्यांनी कक्षाकडे बघितलं. म्हणाले, "मराठी कक्ष यापुढे प्रत्येक परिषदेत राहील. या निर्णयावर कोणाचे आक्षेप असल्यास ते लेखी द्यावेत, आणि मराठीत द्यावेत."

मी ते वाक्य इंग्रजीत केलं. या वेळी शब्द एकही सुटला नाही. आक्षेप कोणाचाच आला नाही.